बांधावे सुरगाठीने

मराठीत गाठीला दोन नावे आहेत. एक निरगाठ, दुसरी सुरगाठ. निरगाठ एकदा बसली की नखे मोडतात, दात लावावे लागतात, अखेर सुरी शोधावी लागते. सुरगाठ पडेल तो ताण सोसते, परंतु तिचे मोकळे टोक ओढताच उलगडते. गोठ्यात बैल बांधणाऱ्याला हा भेद कोणी शिकवावा लागत नाही. रात्री आग लागली तर दावे एका हिसक्यात सुटले पाहिजे, हे त्याच्या हाताला ठाऊक असते. शिकवावा लागतो तो आम्हा शहरवासीयांना, आणि त्यातही उत्सव, मेळे, मैफली भरवणाऱ्या उत्साही मंडळींना.

कित्येक वाचकांना वाटेल, की कला-संस्कृतीच्या पानावर दाव्यांची आणि कठड्यांची ही चर्चा कशाला? त्याचे उत्तर साधे आहे. गाणे श्रोत्यावाचून होत नाही आणि जत्रा गर्दीवाचून भरत नाही. जेथे गर्दी तेथे हल्ली कठडे उभे राहतात. कोठे बांबूचे, कोठे लोखंडी नळ्यांचे. या पानावर रागांची, नाटकांची आणि पालख्यांची वर्णने येतात. परंतु ते सारे पाहण्यासाठी जो कठड्याला रेलून तासन्‌तास उभा असतो, तो सुखरूप घरी जातो की नाही याची काळजी हा देखील संस्कृतीचाच भाग मानला पाहिजे.

हा विषय सुचला तो पीपलरावां येथे. देवास जिल्ह्याच्या सोनकच्छ तहसिलीतले हे छोटे गाव. नवरात्रात प्रस्तुत लेखक आपल्या काही विद्यार्थ्यांसह तेथे भजनांच्या कार्यक्रमासाठी गेला होता. मालव्यात कबीर गाणारी मंडळी गावोगाव आहेत. त्यांच्या तंबूऱ्यापुढे आमच्या शहरी हार्मोनियमने जरा नमूनच बसावे. मैदानात मंडप होता, तिन्ही बाजूंनी बांबूचे आडवे कठडे होते, आणि आत खेड्यापाड्यांतून आलेली माणसे दाटीने बसली होती. कार्यक्रमापूर्वी एक वृद्ध शेतकरी ते बांबू बांधत होते. प्रत्येक जोडावर ते सणाच्या दोरीचे तीन-चार फेरे घेत, आणि शेवटी गाठ मारताना दोरीचे टोक आरपार न ओढता त्याचा फास ठेवून एक लांब शेपूट बाहेरच्या बाजूला सोडत. आम्ही कुतूहलाने विचारले. ते मालवीत म्हणाले, की ही बैलाची गाठ आहे. माणसे काय बैलांहून कमी मोलाची आहेत?

रात्री दहाच्या सुमारास परतीच्या पावसाचे वावटळ आले. मंडपाची एक कड उडाली, दिवे गेले, आणि सारी माणसे एकदम शाळेच्या भिंतीच्या बाजूला लोटली. तेथे कठडा होता. पुढच्या रांगेतल्या बायका बांबूवर दाबल्या जाऊ लागल्या. तोच ते वृद्ध गृहस्थ कठड्याच्या बाहेरून धावत गेले आणि धावता धावता एकेक शेपूट ओढत गेले. बांबू पटापट खाली आले आणि माणसे मोकळ्या अंगणात पसरली. पुष्कळांच्या चपला हरवल्या, एक मुलगा खाली पडलेल्या बांबूला अडखळून त्याचा गुडघा फुटला. याहून अधिक काही झाले नाही. वर्तमानपत्रात अशा रात्रीची बातमी येत नाही. बातमी येते ती निरगाठ बसल्याची.

याच्या उलट अनुभव मालव्यातल्याच एका मोठ्या शहराचा आहे. मैफल होती, आसने भरली होती, मागे उभ्या श्रोत्यांसाठी लोखंडी कठड्यांचा चौक केला होता आणि त्याच्या एकुलत्या एक दाराला साखळी घालून कुलूप लावले होते. उकाड्याने एक वृद्ध बाई चक्कर येऊन पडल्या. किल्ली ज्यांच्या खिशात, ते गृहस्थ पाहुण्यांना घेऊन चहाला गेलेले. शेवटी चौघांनी त्या बाईंना उचलून कठड्यावरून बाहेर काढले. कुलूप लावणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. फुकटे आत घुसू नयेत एवढाच त्याचा हेतू. परंतु आत येणाऱ्याला अडवण्याच्या भरात बाहेर जाणाऱ्याचाही रस्ता आपण बंद केला, हे त्याच्या ध्यानात आले नाही. आमच्या बहुतेक कठड्यांची हीच गत आहे. ते किती घट्ट बसतात हे आम्ही हलवून पाहतो. किती चटकन सुटतात हे कोणी पाहत नाही.

गर्दी ही काय वस्तू आहे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसे उभी असतात तोवर प्रत्येक जण आपल्या इच्छेने पाऊल टाकतो. पाच माणसे झाली की इच्छा संपू लागते. अमेरिकेतले अभियंते जॉन फ्रुइन यांनी १९९३ च्या आपल्या निबंधात सांगितले आहे, की चौरस मीटरला सातच्या आसपास माणसे झाली की गर्दी माणसांची राहत नाही, ती पाण्यासारखी होते. तीत लाटा उठतात आणि माणसाचे पाय जमिनीवरून सुटून तो पायांतल्या वहाणा टाकून वाहत जातो. अशा प्रसंगांनंतर वाकलेल्या पोलादी कठड्यांवरून त्यांनी हिशोब दिला, की तेथे साडेचारशे किलोंहून अधिक वजनाइतका दाब पडला असला पाहिजे. आपण ‘चेंगराचेंगरी’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे पायदळी तुडवलेला माणूस येतो. पुष्कळ मृत्यू तसे नसतातच. माणूस उभ्या उभ्या मरतो; छातीवर चोहोकडून दाब येतो आणि फासळ्यांना श्वास घेण्यापुरतीही जागा उरत नाही. मागच्या माणसाला हे दिसत नाही. तो पुढे वाट असेल या आशेने ढकलतच राहतो. म्हणून त्या माणसांना ‘मागे सरा’ असे ध्वनिवर्धकावरून ओरडून सांगणे बहुधा निष्फळ ठरते. वाट उघडावी लागते, आणि ती क्षणांत उघडावी लागते.

दाराच्या बाबतीत हा धडा जगाने फार मोठी किंमत देऊन घेतला, आणि तो नाट्यगृहांतच घेतला, हे आमच्या रसिकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. १६ जून १८८३ रोजी इंग्लंडातील संडरलंड गावच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी करमणुकीचा खेळ होता. शेवटी बक्षिसे वाटणार असे जाहीर होताच वरच्या सज्जातली मुले जिन्याने खाली धावली. जिन्याच्या पायथ्याचे दार आतल्या बाजूला उघडणारे होते, आणि ते एका वेळी एकच मूल जाईल इतके किलकिले ठेवून अडसर घातलेला होता. १८३ मुले तेथे गुदमरून मेली. त्यानंतर रॉबर्ट ब्रिग्ज या इंग्रज अभियंत्याने आतून नुसते रेलले तरी उघडेल अशा अडसराची युक्ती शोधून १८९२ मध्ये तिचे पेटंट घेतले. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वाय नाट्यगृहाला आग लागली. दारांचे खटके प्रेक्षकांना अपरिचित होते, काही जाळीची दारे कुलूपबंद होती, आणि सहाशेंहून अधिक माणसे मेली. त्या खेळाला जायचे राहून गेलेले कार्ल प्रिन्झ्लर नावाचे एक गृहस्थ लोखंडी सामानाचे व्यापारी होते. त्यांनी हेन्री ड्यूपॉन्ट या वास्तुविशारदाच्या साहाय्याने जो आडवा दांडा बाजारात आणला, तोच आज जगभरच्या प्रेक्षागृहांच्या दारांवर दिसतो. दांड्यामागचा विचार असा: घाबरलेला माणूस ढकलतो, तेव्हा ढकलण्यानेच दार उघडावे. माणसाच्या स्वभावाशी भांडण न करता त्यालाच कामाला लावले. आमच्या दिल्लीत १३ जून १९९७ रोजी उपहार चित्रपटगृहाच्या आगीत ५९ जण गेले. बाल्कनीत वाढवलेल्या खुर्च्यांनी वाट अडवली होती आणि एक दार बंद होते. म्हणजे शंभर वर्षांचा धडा आम्हांला पुन्हा पहिल्यापासून गिरवावा लागला.

दाराला हे शहाणपण आले. कठड्याला मात्र ते उशिरा आले. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडात हिल्सबरो येथील फुटबॉलच्या सामन्यात प्रेक्षक उंच जाळ्यांच्या कोंडवाड्यात उभे केले होते. समोर मोकळे हिरवे मैदान होते आणि मधे जाळी. जाळीला दारे होती, परंतु ती अरुंद होती आणि बंद ठेवण्याचा पोलिसांना हुकूम होता. दाबाने त्यांतले एक दार आपोआप उघडले, तर पोलिसांनी ते पुन्हा लावून घेतले. कारण त्यांना वाटले, प्रेक्षक मैदानावर धावून येत आहेत. मृतांचा आकडा पुढे ९७ वर गेला. न्यायमूर्ती टेलर यांनी चौकशीअंती सांगितले, की प्रेक्षक आत असेतोवर अशा दारांना कुलूप असू नये, दारांचा रंग जाळीहून निराळा असावा, प्रत्येकापाशी माणूस असावा आणि जाळी कापायची हत्यारेही हाताशी असावीत.

आमच्याकडेही उदाहरणांची वाण नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधानभवनाकडे निघालेला गोवारी समाजाचा मोर्चा अडवला गेला, लाठ्या चालल्या, पळायला वाट राहिली नाही आणि ११४ जण, बहुतेक बायका आणि मुले, चेंगरून मेली. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात शाही स्नानाच्या मिरवणुकीसाठी भाविकांना रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर कठड्यांमागे थांबवून धरले होते. तेथे ३९ जण गेले. २९ जानेवारी २०२५ रोजी प्रयागला मौनी अमावास्येच्या पहाटे गर्दीच्या रेट्याने कठडे तुटले आणि लोट पलीकडे जमिनीवर झोपलेल्यांवर कोसळला. सरकारी आकड्याप्रमाणे ३० मृत्यू झाले. या घटनांची कारणे एकसारखी नाहीत, आणि केवळ कडी बदलली असती तर सारे वाचले असते, असे म्हणणे उथळपणाचे होईल. परंतु एक गोष्ट त्यांतून दिसते. कठडा दोन तऱ्हांनी घात करतो. तो टिकला तर माणसे त्याच्यावर दाबली जातात. तो अकस्मात तुटला तर माणसे एकमेकांवर पडतात. या दोहोंच्या मधला मार्ग एकच: योग्य वेळी, योग्य जागी, माणसाच्या हाताने तो सुटला पाहिजे. तुटणे वेगळे आणि सुटणे वेगळे.

आता हा सुटणारा जोड कसा असावा, याकडे वळू. आमचे उसने आणलेले लोखंडी कठडे पाहा. एका फळीच्या कडेचा आकडा दुसरीच्या कडीत वरून उतरवलेला असतो. ओळीतली मधली फळी काढायची तर ती अख्खी वर उचलावी लागते, आणि माणसे रेलली असताना ती जागची हलत नाही. कोठे कडीत खिळी घालतात. कोठे तारेने पिळे देतात. खिळीचा दोष साधा हिशोब केला तरी उघड होतो. समजा, जोडावर पाचशे किलोंचा भार आहे. ही अतिशयोक्ती नव्हे. इंग्लंडात क्रीडांगणांतील सर्वांत मजबूत वर्गाच्या पक्क्या कठड्यांना दर मीटरला साधारण इतकाच भार धरतात. गंजक्या लोखंडावर लोखंड घासताना भाराच्या एक-तृतीयांश तरी अडचण होते, आणि खिळी आतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही कड्यांना घासते. म्हणजे ती उपसायला तीनशे किलोंच्या घरातला जोर हवा. कोणता स्वयंसेवक तो आणणार? कठडा रिकामा असताना हीच खिळी दोन बोटांनी निघते, आणि म्हणूनच आयोजक निश्चिंत राहतो. जो जोड भार नसताना सुटतो आणि भार आला की अडतो, तो नेमका गरजेच्या वेळी दगा देणारा मित्र होय.

गाणाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला याचे उत्तर तंबोऱ्यात दिसते. वडील म्हणत, तंबोऱ्याची परीक्षा तारेवर नव्हे, खुंटीवर करावी. खुंटीला खिळा नाही, कुलूप नाही. ती निमुळती लाकडी खुंटी भोकात दाबून बसते आणि तारेचा सारा ताण रात्रभर धरते. परंतु तार ताणलेली असतानाच ती हाताने फिरते, चढते आणि उतरते. सैल झाली तर खडू लावावा, अडकू लागली तर काढून साफ करावी. ताण धरूनही ताणाखाली सैल होणे, हा तिचा गुण आहे. कठड्याच्या कडीत नेमका हाच गुण हवा.

असा गुण असलेली साधने नवी नाहीत. जहाजावर पेलिकन पक्ष्याच्या चोचीसारखा एक आकडा वापरतात. त्याची चोच मिटवून तिच्या टोकावर एक लहान कडे सरकवतात. दोराचा सारा ताण आकड्यावर असतो, पण तरफेच्या योगाने कड्यावर त्याचा अल्पसा अंशच येतो. कडे सरकवले की ताणच आकडा उघडतो. ओढणारा शत्रू न राहता मदतनीस होतो. घोडेवाले पागेत अशीच कडी वापरतात: बुजलेला घोडा मागे ओढत असतानाही तिचे आवरण खाली सरकवले की दोर सुटतो. हवाई छत्रीने उडी घेणाऱ्यांच्या खांद्यावर तीन कड्या एकात एक अडकवलेल्या असतात. प्रत्येक कडी भार कमी करत जाते आणि शेवटची एका बारीक दोरीच्या फासाने धरलेली असते. छत्री बिघडली तर एक तार ओढताच ती पूर्ण भारासह सुटते. बैलाची सुरगाठ ही याच कुळातली, आणि बहुधा सर्वांत जुनी. अशा जोडाला मराठीत नाव हवे असेल तर आम्ही ‘सुरकडी’ असे सुचवतो.

सुरकडीची काही लक्षणे निश्चित करता येतील. ती एका हाताने, किल्ली वा पान्यावाचून, ओल्या हातानेही सुटली पाहिजे. तिचा दांडा गर्दीच्या विरुद्ध बाजूला, स्वयंसेवकाकडे असावा आणि अंधारातही दिसेल अशा पिवळ्या वा लाल रंगाचा असावा. तिचा कोणताही भाग सुटून हरवू नये. तो लहान साखळीने कठड्यालाच जखडलेला असावा. सुटताना दांडा उसळून सोडणाऱ्याच्या मनगटावर बसू नये, म्हणून त्याने बाजूला उभे राहावे अशी तिची रचना हवी. दार रिकाम्या बाजूला उघडावे आणि पूर्ण मागे जाऊन तेथेच अडकावे. पीपलरावांचा तो मुलगा पडलेल्या बांबूला अडखळला, हे विसरू नये. कठड्याचे पाय चपटे असावेत. बाहेर आलेले पाय हेही अंधारातले सापळेच. आणि मुख्य म्हणजे सुरकडीची परीक्षा भाराखाली व्हावी. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिच्यावर वजन टांगावे आणि स्वयंसेवकांतल्या सर्वांत अशक्त मुलाला किंवा मुलीला ती सोडायला सांगावे. सुटली तर ठीक. न सुटली तर कठडा परत पाठवावा.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. रांग लावण्याचे हलके कठडे आणि गर्दीचा रेटा सोसण्याचे कठडे या निराळ्या वस्तू आहेत. मोठ्या जलशांत रंगमंचापुढे जो भक्कम कठडा असतो, त्याच्या तळाची पत्र्याची फळी श्रोत्यांच्या पायांखाली येते. म्हणजे गर्दीचेच वजन त्याला उभे ठेवते. हलका कठडा अशा जागी उभा केला तर तो रेट्याने आडवा होतो आणि त्याला उत्तम सुरकडी लावूनही उपयोग नाही. आधी जागा ओळखावी, मग कठडा निवडावा, मग कडी.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा, की इतकी सोपी कडी असली तर हूड पोरे तीच प्रथम उघडतील. आक्षेप रास्त आहे, पण त्यावर उपाय आहे. आग विझवण्याच्या नळकांड्याची खिळी पाहा. तिला बारीक मोहोर असते, ती हिसक्याने तुटते, पण चुकून निघत नाही. सुरकडीलाही आधी कडे सरकवावे आणि मग दांडा ओढावा अशा दोन क्रिया ठेवता येतात. दुसरा आक्षेप खर्चाचा. देवास आणि इंदूर येथे लोखंडकाम करणाऱ्या कारखान्यांची वाण नाही. कठड्याच्या प्रत्येक जोडाला सुरकडी नको, पाच-सात फळ्यांमागे एक सुटणारे दार पुरे. त्याचा भार मंडपाच्या रोषणाईहून जड होणार नाही. तिसरा आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो: ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही, तेथे कड्या काय करणार?’ हा आक्षेप आम्हांला मुळीच मान्य नाही. संडरलंडची ती मुले बेशिस्त नव्हती. बक्षिसाच्या आनंदात होती. दाबाखाली सापडलेल्या माणसाला शिस्तीचा उपदेश करणे म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचे पुस्तक देणे होय. शिस्त पाळायची ती कठडे लावणाऱ्याने.

अर्थात कडी हे साधन आहे, शहाणपण नव्हे. कडी सोडून माणसे जाणार कोठे? कठड्यामागे रिकामी गल्ली राखलेली नसेल, तेथे मोटारी आणि फुलवाल्यांच्या हातगाड्या उभ्या असतील, तर दार उघडून एक कोंडी मोडून दुसरी होईल. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत अडीचशेहून अधिक माणसे गेली. तेथे उतरणीची अरुंद, निसरडी वाट आणि दोन्ही बाजूंची दुकाने हेच घाताचे मूळ होते. शिवाय कडी शेवटच्या क्षणी सोडायची नसते. माणसांना हात वर काढता येईनासे झाले, गर्दी शेतातल्या पिकासारखी डोलू लागली, पुढच्यांचे आवाज बदलले, की ती सोडण्याची वेळ आली. तबलजीला समेची चाहूल मात्रा येण्यापूर्वी लागते. स्वयंसेवकालाही गर्दीची चाहूल तशीच लागली पाहिजे. आणि चाहूल लागल्यावर कोणाला विचारत न बसता कडी सोडण्याचा अधिकार त्याला हवा. हिल्सबरोला दारांपाशी पोलीस होते. आपण होऊन दार उघडण्याची मोकळीक त्यांना नव्हती.

हे सारे आजच लिहिण्याचे कारण आहे. देवासच्या टेकडीवर नवरात्रात तुळजाभवानी आणि चामुंडा या दोघी मातांच्या दर्शनाला चढणाऱ्यांची रीघ रात्रंदिवस चालते. ई. एम. फॉर्स्टर यांनी ज्या टेकडीवरून आपल्या १९५३ च्या पुस्तकाला नाव दिले, ती हीच. इंदुरात रंगपंचमीला राजवाड्यापुढे गेर निघते. गिरण्या बंद पडल्या तरी अनंत चतुर्दशीच्या झांक्या निघतात. आणि २०२८ मध्ये उज्जैनचा सिंहस्थ आहे. २०१६ च्या सिंहस्थात ५ मे रोजी वादळाने मंडप कोसळून माणसे दगावली, हे आम्ही पाहिले आहे. पीपलरावांला आले ते वावटळ लहान होते. परंतु जात तीच.

म्हणून आमची मागणी थोडक्यात अशी. उत्सवाला किंवा जलशाला परवानगी देताना पोलिसांनी आणि नगरपालिकांनी कठड्यांचा नकाशा मागावा आणि त्यावर सुटणारी दारे दाखवलेली असावीत. प्रत्येक दारापाशी एक माणूस नेमावा, त्याचे नाव यादीत असावे आणि त्याने चहालाही जागा सोडू नये. लोक आत असेतोवर कुलूप, पिळलेली तार आणि निरगाठ यांना बंदी असावी. कठड्यामागची गल्ली रिकामी राखावी. आणि भाराची परीक्षा झाल्यावाचून पडदा वर जाऊ नये. इंदूरच्या श्री गोविंदराम सेकसरिया संस्थेत १९५२ पासून अभियंते घडत आहेत. तेथील विद्यार्थ्यांनी सिंहस्थापूर्वी एक स्वस्त, आपल्याच भागातल्या लोहाराला जमेल अशी सुरकडी तयार करून दाखवावी, अशी आमची त्यांना विनंती आहे. मंडळांनीही आपल्या अंदाजपत्रकात हारतुऱ्यांच्या आधी तिच्यासाठी रक्कम बाजूला काढावी.

पीपलरावांच्या त्या रात्री पाऊस ओसरल्यावर कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. दिवे नव्हते, कंदिलाच्या उजेडात भजने झाली आणि ती आधीपेक्षा चांगली झाली, असे आमचे मत आहे. ते वृद्ध गृहस्थ मात्र गाणे ऐकत नव्हते. ते मैदानाच्या कडेने वाकून बांबू उचलत होते, ओल्या दोऱ्या पुन्हा गुंडाळत होते, आणि प्रत्येक गाठीचे शेपूट बाहेरच्या बाजूला सोडत होते.